रस्त्यात माणूस पडलेला दिसला तर, 'पिऊन पडलाय' म्हणण्याआधी काय काय बघायचं

डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळी गोव्यातल्या साखळीच्या बाजारातून सामान घेऊन निघालो होतो तर एका बंद दुकानाच्या पायरीवर एक माणूस कलंडलेला, एक चप्पल पायात आणि दुसरी दोन हात लांब पडलेली. लोक बाजूने जात होते, फुलं विकणारी मावशी म्हणाली "पिऊन पडलाय रे, मघापासून तसाच आहे", आणि खरं सांगतो, मीही दहा पावलं पुढे गेलो होतो. मग डोक्यात आलं की हवेत एवढा गारवा आहे आणि ह्याचा शर्ट पाठीला चिकटलाय, एवढा घाम कशाला? परत फिरलो. हात लावला तर अंग गार आणि ओलंचिंब, तोंडाला दारूचा वास अजिबात नाही, हाक मारली की डोळे उघडायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि परत मिटायचा. खिशात डायबेटिसच्या गोळ्यांची पट्टी होती. साखर उतरली होती त्याची.

मी कुंडईला एका कारखान्यात आहे, तिथे प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडे असते. कारखाना कायद्याप्रमाणे दर 150 कामगारांमागे एक पेटी आणि ती सांभाळायला ट्रेनिंग झालेला माणूस लागायचा, म्हणून कंपनीने मला ट्रेनिंगला पाठवलं होतं. म्हणजे मला सगळं शिकवलेलं होतं आणि तरी मी दहा पावलं पुढे गेलो. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे गोव्यात रस्त्याकडेला पडलेला माणूस म्हटलं की पहिला विचार तोच येतो, आणि त्या एका विचाराने बाकीचं सगळं बघायचं राहून जातं.

आधी जिथे आहात तिथेच थांबा

दोन-तीन सेकंदच लागतात पण थांबायचंच. आजूबाजूला बघा, ह्याला जे लागलं ते मलाही लागेल का? पावसाळ्यात माडाची झावळी किंवा फांदी पडून विजेची तार तुटते, अशा वेळी जवळ जायचं नाही, सगळ्यांना लांब ठेवायचं आणि वीज खात्याला 1912 वर फोन करायचा. सुक्या काठीने तार बाजूला करायचं धाडस मोठ्या लाईनला जिवावर बेततं आणि कुठली तार कसली हे आपल्याला बघून कळत नाही. घरातला शॉक असेल तर मेन स्विच बंद करा आणि मगच हात लावा.

विहिरीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्या मागोमाग उतरायचं नाही. खाली विषारी वायू असतो नाहीतर ऑक्सिजनच नसतो, आणि वाचवायला गेलेला दुसरा, त्याच्यामागे तिसरा असे सगळे तिथेच पडतात. अग्निशामक दलाला 101 किंवा सरळ 112 लावा. तसंच पाण्याने भरलेल्या चिरेखाणी. कोणी बुडताना दिसला तर दोरी, लांब काठी, रिकामा कॅन, टायरची ट्यूब, जे तरंगतं ते फेका, पट्टीचे पोहणारे नसाल तर उडी मारू नका. समुद्रावर असाल तर जीवरक्षकाला हाका मारा.

रस्त्यावरचा अपघात असेल तर आपली गाडी इंडिकेटर लावून अशी उभी करा की मागून येणाऱ्याला लांबून दिसेल, आणि दोन्ही बाजूला एकेक माणूस उभा करा, रात्री मोबाईलची टॉर्च हातात देऊन. चोर्ला घाटात, अनमोडला वळणावर तर हे पहिलं काम, कारण वळणापलीकडून येणाऱ्याला काहीच दिसत नाही.

हातात ग्लोव्हज नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या चालतात, सामानाची पिशवी रिकामी करा आणि हात आत घाला.

हाक मारा, खांद्यावर थोपटा

शक्य असेल तर त्याच्या समोरच्या बाजूने जा, म्हणजे तो मान वळवून बघायला जाणार नाही. गुडघ्यावर बसा, दोन्ही खांद्यांवर जरा जोरात थोपटा आणि मोठ्याने विचारा, "ओ बाब, ऐकू येतंय? डोळे उघडा!" गदागदा हलवू नका, मानेला लागलेलं असू शकतं. लहान बाळ असेल तर तळपायाला टिचकी मारून बघायची.

इथे चार पायऱ्या लक्षात ठेवा. पहिली, पूर्ण जागा आहे आणि नीट बोलतो. दुसरी, हाक मारली की प्रतिसाद देतो पण बाकी वेळ गुंगीत. तिसरी, फक्त चिमटा काढला, नखावर दाबलं तर हलतो. चौथी, काहीच नाही. माणूस कुठल्या पायरीवर आहे आणि वेळ जाईल तसा वर चढतोय की खाली उतरतोय, हे डॉक्टरला सगळ्यात उपयोगी पडतं, त्यामुळे पहिल्यांदा बघितलं तेव्हा कसा होता ते मनात नोंदवून ठेवा. माझा साखळीचा माणूस दुसऱ्या पायरीवर होता.

प्रतिसाद नसेल, किंवा जखम मोठी दिसत असेल, तर लगेच 108. फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवा म्हणजे हात मोकळे राहतात आणि पलीकडचा माणूस काय करायचं ते सांगत राहतो. पत्ता सांगताना आपल्या इकडे गोंधळ होतो कारण एकाच नावाचे वाडे चार गावांत असतात, म्हणून आधी तालुका, मग गाव, मग वाडा, मग जवळचं देऊळ, कपेल (छोटं चर्च) किंवा शाळा असं सांगा आणि एकाला हमरस्त्यावर उभा करा ॲम्ब्युलन्सला हात दाखवायला. आणि घोळक्यात "कोणीतरी फोन करा" असं म्हणू नका, एकाकडे बोट दाखवा, "तुम्ही, निळा शर्ट, 108 लावा आणि लागला की मला सांगा".

रक्ताची धार असेल तर ती सगळ्यात आधी

रक्त उडत असेल किंवा खाली थारोळं वाढत असेल तर श्वासाच्याही आधी ते बघायचं, कारण मोठी रक्तवाहिनी तुटलेला माणूस काही मिनिटांत जातो. स्वच्छ कापड, ओढणी, पंचा, मिळेल ते जखमेवर ठेवा आणि तळहाताने जोर लावून दाबा, आणि दाबूनच ठेवा. थांबलं का बघायला सारखं उचललं तर धरलेली रक्ताची गाठ सुटते. पहिलं कापड भिजलं तर ते न काढता त्यावर दुसरं ठेवून दाबा. जखमेत काही घुसलेलं असेल, लोखंड असो की लाकूड, ते उपटू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. हळद, कॉफी पावडर, माती काही घालायचं नाही.

पावसाळ्यात दुचाकीवाला पडला असेल तर एक गोष्ट खास सांगतो. रेनकोटवर रक्त दिसतच नाही, पाणी धुऊन नेतं आणि आत कपडे रक्ताने भरलेले असतात. रेनकोटची चेन उघडून आत हात सरकवा, कमरेखाली, पाठीखाली, मांड्यांच्या आत, आणि दर वेळी हात बाहेर काढून तळवा बघा लाल झालाय का.

श्वासाची वाट मोकळी करा, मग 10 सेकंद श्वास बघा

बेशुद्ध माणूस उताणा असला की जीभ सैल पडून घशात मागे जाते आणि श्वास अडतो, एवढ्याशा कारणाने माणसं जातात. एक हात कपाळावर ठेवा, दुसऱ्या हाताची दोन बोटं हनुवटीच्या हाडाखाली, आणि डोकं हलकेच मागे करून हनुवटी वर उचला. अपघात झाला असेल आणि मानेची शंका असेल तर डोक्याच्या बाजूला बसून दोन्ही हातांनी जबड्याचे कोपरे पुढे उचलायचे, मान न वाकवता. पण ते जमत नसेल तर सरळ हनुवटी उचला, श्वास मानेच्या आधी. तोंडात काही दिसत असेल, सुटी कवळी, उलटी, पान, तेवढंच काढा. न दिसणारं शोधायला बोट आत घालू नका, ते आणखी खाली ढकललं जातं.

आता गाल त्याच्या तोंडाजवळ न्या, नजर छातीकडे. छाती वरखाली होते का बघा, आवाज ऐका, गालावर हवा लागते का. 10 सेकंद, जास्त नाही. नाडी शोधत बसू नका, घाबरलेल्या माणसाला स्वतःची धडधड बोटात लागते आणि वाटतं नाडी आहे.

इथे सगळ्यात मोठी फसगत होते. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस अधूनमधून मोठा आचका देतो, घोरल्यासारखा, मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तसा. लोक म्हणतात, "श्वास आहे, घोरतोय", आणि थांबून राहतात. तो श्वास नव्हे. नियमित, शांत श्वास नसेल तर श्वास नाही असंच धरायचं.

श्वास नाही म्हणजे छाती दाबायला सुरुवात. कडक जमिनीवर उताणा, छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि मिनिटाला 100 ते 120 ह्या वेगाने 5 ते 6 सेंटीमीटर खोल दाबायचं, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ट्रेनिंग असेल तर 30 दाब आणि 2 श्वास, नसेल तर नुसतं दाबत राहा, थांबू नका, दोन मिनिटांनी दुसऱ्याला द्या कारण माणूस दमतो आणि दाब उथळ पडायला लागतो, स्वतःला ते कळत नाही. एखादी बरगडी कडकन मोडली तरी थांबायचं नाही. मॉलमध्ये, विमानतळावर हृदयाला शॉक देणारं एईडी मशीन असतं, ते आणायला एकाला पळवा, चालू केलं की ते स्वतः बोलून सांगतं. बुडालेला माणूस आणि लहान मूल ह्यांच्यात मात्र ऑक्सिजन संपल्यामुळे हृदय थांबलेलं असतं, म्हणून येत असेल तर आधी श्वास द्यायचे आणि मग दाब. आणि बुडालेल्याला उलटा टांगून, पोट दाबून पाणी काढायचा प्रकार कृपा करून थांबवा, त्यात वेळ जातो आणि उलटी फुफ्फुसात जाते.

हेल्मेटचं विचारतात सगळे. श्वास नीट चालू असेल आणि तोंडापर्यंत पोचता येत असेल तर राहू द्या, फक्त काच वर करा आणि डोकं स्थिर धरा. श्वास नसेल किंवा उलटी होत असेल तर काढावंच लागतं, दोघांनी मिळून, एकाने खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट सरळ रेषेत हळूहळू ओढायचं.

श्वास आहे पण शुद्ध नाही

त्याला उताणा सोडू नका. लोक डोक्याखाली उशी नाहीतर गुंडाळलेला टॉवेल सरकवतात, त्याने मान पुढे वाकते आणि वाट बंद होते. कुशीवर करा. तुम्ही त्याच्या उजव्या बाजूला बसलाय असं धरून सांगतो. त्याचा उजवा हात बाजूला काटकोनात पसरवा. डावा हात छातीवरून आणून पंजाची मागची बाजू उजव्या गालाला लावून धरून ठेवा. दुसऱ्या हाताने त्याचा डावा गुडघा उभा करा आणि तो गुडघा आपल्याकडे ओढा, भला जाडजूड माणूससुद्धा सहज वळतो, ताकद लागत नाही. मग डोकं थोडं मागे करून तोंड जमिनीकडे ठेवा म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. दर मिनिटाला श्वास बघत राहा, कधीही थांबू शकतो.

माडावरून पडलेला, गाडीवरून उडालेला, म्हणजे पाठीच्या कण्याची शंका असलेला माणूस नीट श्वास घेत असेल तर आहे तसा ठेवा, दोन्ही हातांनी डोकं धरून. उलटी व्हायला लागली तर मात्र वळवायचाच, डोकं, खांदे, कंबर एकदम, ओंडका लोळवावा तसा, दोघातिघांनी मिळून. आणि हातपाय धरून रिक्षात कोंबणं नाही. आग, पाणी, ट्रॅफिक असा धोका असेल तरच हलवायचा.

डोक्यापासून पायापर्यंत

आता जीवघेणं काही उरलं नसेल तर सावकाश तपासा. डोक्यावर केसांतून बोटं फिरवा, टेंगूळ, खड्डा, ओल. कान आणि नाकातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येतं का, येत असेल तर कवटीला मार असू शकतो, बोळा कोंबून बंद करू नका. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का. ओठ निळसर? मान, गळपट्टीची हाडं, छाती दोन्ही बाजूंनी सारखी फुगते का. पोट मऊ की फळीसारखं कडक, कडक आणि दुखरं पोट म्हणजे आत रक्तस्राव असू शकतो, बाहेर थेंबही दिसत नाही. हात, पाय, बोटं. शुद्धीत असेल तर बोटं हलवायला सांगा, मी कुठलं बोट धरलंय विचारा. गळ्यात, मनगटात आजाराची पट्टी आहे का, खिशात गोळ्या, इन्सुलिनचं पेन आहे का. खिसे बघताना दुसऱ्या कोणाला तरी साक्षीला जवळ उभं करा, नंतर पैशांवरून बोल लागायला नको.

त्वचा खूप काही सांगते. गार, ओली, फिकट असेल तर साखर उतरलेली, रक्त गेलेलं किंवा हृदयाचा त्रास. तापलेली आणि बडबड सुरू असेल तर ऊन लागलंय, मे महिन्यात काजूच्या बागायतीत काम करणाऱ्यांना, छप्पर शाकारणाऱ्यांना होतं, घाम आला असला तरी असू शकतं. अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबून राहू नका. तोंड एका बाजूला वाकलंय, एक हात खाली पडतो, बोलणं जड, ह्यातलं एक जरी असलं तरी पक्षाघात समजा, आणि घरच्यांना विचारा शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, कारण रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. छातीत दुखत असेल तर टेकून बसवा, चालवू नका.

सकाळी कोणी उठतच नाही, पापण्या जड, बोलता येत नाही, पोटात दुखतंय, आणि रात्री जमिनीवर झोपला होता, तर मण्यारीचा दंश डोक्यात ठेवा. तिच्या दातांची खूण बहुतेक दिसतच नाही आणि दुखतही नाही. दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, अंगठ्या बांगड्या काढा, हातपाय न हलवता सरळ सरकारी हॉस्पिटलात. फीट आली असेल तर तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा चप्पल नाही, धरून ठेवणं नाही, आजूबाजूच्या वस्तू सरकवा, घड्याळ बघा, थांबली की कुशीवर करा, पाच मिनिटांवर गेली तर 108.

शुद्धीत असेल तर त्याला, नसेल तर सोबतच्यांना विचारा: काय होतंय, कसली ॲलर्जी, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आधीचा काही आजार, शेवटचं कधी खाल्लं, आणि नक्की काय घडलं. बेशुद्ध किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घालू नका. मी त्या साखळीच्या माणसाला चहाच्या गाड्यावरून साखर घालून पाणी आणलं, पण त्याला सरळ बसवून, हाका मारून तो नीट बघायला लागला, ग्लास स्वतःच्या हाताने धरता आला, तेव्हाच दिलं, चार चमचे साखर. दहा-बारा मिनिटांत त्याने मला विचारलं, "माझी चप्पल खंय?"

आणि खरंच प्यायलेला असेल तर

तरी सगळं असंच करायचं, जास्तच लक्ष देऊन. दारूचा वास येतो म्हणजे डोक्याला मार नाही असं होत नाही, उलट प्यायलेला माणूस पडताना हात पुढे करत नाही, डोकंच आपटतो. दारूनेही साखर उतरते. उताणा झोपलेला प्यायलेला माणूस स्वतःच्या उलटीने गुदमरतो. बारच्या मागच्या बाकड्यावर "झोपू दे, सकाळी उठेल" म्हणून ठेवलेल्याला दर थोड्या वेळाने हाक मारून बघा, मघाशी उठत होता आणि आता उठत नाही असं झालं तर दारूला दोष देऊन थांबू नका, 108 लावा. कॉफी पाजणं, गार पाण्याखाली धरणं ह्याने काही होत नाही.

पोलिसांचं काय

ह्या भीतीने लोक पुढे येत नाहीत. 2016 साली सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलं. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करताना काही बिघडलं तरी तुमच्यावर केस होत नाही. नाव सांगायची सक्ती नाही, हॉस्पिटल थांबवून ठेवू शकत नाही, पैसे मागू शकत नाही.

ॲम्ब्युलन्स आली की बाजूला व्हा पण निघून जाऊ नका, थोडक्यात सांगा: काय झालं, मी कधी बघितलं, तेव्हा कुठल्या पायरीवर होता, आता कुठल्या, काय काय दिसलं, मी काय केलं. गोळ्यांची पट्टी हातात द्या. त्या संध्याकाळी 108 मधल्या मुलीने मला पहिलं विचारलं, "साखर किती वाजता दिली?" आणि मला सांगता आलं नाही, अंदाजे बोललो. तेव्हापासून गाडीच्या डिकीत ग्लोव्हजच्या दोन जोड्यांसोबत एक मार्कर ठेवलाय, पहिली हाक मारली की ती वेळ मी आधी स्वतःच्या मनगटावर लिहितो.